दोन बोटांची जागा

कळलं का, आमच्या शेजारच्या बंगल्यात सध्या एका पिशवीवरून अबोला आहे. पिशवी म्हणजे बाजाराची नव्हे, तान्ह्या बाळाला झोपताना घालायची. अबोला पणजी आणि नातीमध्ये. भरडल्या जातायत त्या आमच्या वहिनी, कारण त्या एकीची सून आणि दुसरीची आई. पणजी म्हणते, "तुझ्या लेकीला सांग." लेक म्हणते, "तुझ्या सासूबाईंना सांग." आणि वहिनी कुणालाच काही न सांगता दिवसातून चारदा कुंपणापाशी येऊन मला सांगतात.

मी काही कान लावून ऐकणारी नाही हं. पण आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी मेंदी, तिलाही मधोमध खिंडार. एकदा तुळशीला पाणी घालायला गेलं की तिकडचं सगळं ऐकू येतं. आता तुळशीला दिवसातून किती वेळा पाणी घालायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तर झालं असं. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली. सगळे तिला छकुली म्हणतात. आता अडीच महिन्यांची आहे, गुटगुटीत. छकुलीची आत्या हॉलंडला, आइंडहोवनला असते. तिने भाचीला पार्सल पाठवलं. उघडलं तर आत बिनबाह्यांचा झगा निघाला. वर बंडीसारखा, खाली बंद, आणि मधोमध चेन. पणजीआजींनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "पाय कुठून बाहेर काढायचे?"

"काढायचेच नाहीत आजी. आत हलवायचे."

"आणि पांघरूण?"

"हेच पांघरूण."

झालं. ठिणगी इथेच पडली. कारण आजींनी पणतीसाठी नऊवारीची आठ दुपटी शिवून ठेवलीत, टोपरी आहेत, सॅटिनची कुंची आहे, मोहरीची उशी आहे. येवल्याकडच्या आहेत त्या, कापडात त्यांना कोण शिकवणार! त्यात रोज सकाळी मालिशवाल्या मावशी येतात, न्हाऊ घालतात, धुरी देतात आणि छकुलीला दुपट्यात अशी आवळतात की नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. मग छकुली तीन-तीन तास गप्प. आजी म्हणतात, "माझी पाच पोरं अशीच झोपली. कुणाचं काय वाकडं झालं?"

यावर नात फोन काढते आणि काहीतरी वाचून दाखवते. आणि फोन पाहिला की आजींचं ऐकू येणं कमी होतं.

परवा वहिनी मला हेच सांगत होत्या, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या सिस्टर दुधाची पिशवी घेऊन चालल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात जन्म गेला त्यांचा. निवृत्त झाल्या तरी चालण्यात अजून राउंड घेतल्याची घाई. वहिनींनी त्यांना फाटकातच धरलं.

"सिस्टर, तुम्हीच सांगा. दुपटं बरोबर की पिशवी?"

सिस्टर म्हणाल्या, "कोण गुंडाळतंय?"

"मावशी. नाहीतर सासूबाई."

"मग मला त्यांच्याकडे न्या. तुम्हाला आणि लेकीला सांगून काय उपयोग?"

मीही गेले. खिंडारातूनच गेले, फाटकापर्यंत जायला वेळ कुठे होता!

आजी ओसरीवर उन्हात बसल्या होत्या, मांडीवर छकुली. सिस्टरांनी आधी छकुलीच्या गालाला बोट लावलं, मग आजींच्या दुपट्याला. "कापड फार छान आहे हो. किती धुतलेलं असेल, लोण्यासारखं झालंय." बघा, एका वाक्यात अर्धी लढाई जिंकली. नातीला हे सुचलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "गुंडाळता कशासाठी?"

"दचकते ना ती. झोपेत हात फेकते, आपल्याच हाताने जागी होते. सटवाई भिववते."

"दचकते हे खरं. हायडेलबर्गला मोरो म्हणून एक डॉक्टर होते, त्यांनी १९१८ साली ते लिहून ठेवलं. अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. प्रत्येक निरोगी बाळ दचकतं. दचकलं नाही तर आम्ही घाबरतो. चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातं. तोवर हात जवळ धरून ठेवले तर बाळ शांत झोपतं, त्यामुळे दुपट्याला माझी हरकत नाही."

आजींनी नातीकडे असं पाहिलं की विचारू नका. वकील साक्षीदाराकडे बघतो तसं.

"पण," सिस्टर म्हणाल्या, आणि नातीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "पाय कसे ठेवता ते दाखवा."

आजींनी दाखवलं. दोन्ही पाय जुळवून सरळ केले, गुडघे दाबले, वरून कापड घट्ट ओढलं. "असे सरळ बांधले की पाय सरळ होतात. नाहीतर फेंगडे राहतात."

सिस्टरांनी हळूच ते सोडलं. सोडल्याबरोबर छकुलीने गुडघे पोटाशी घेतले आणि मांड्या बाहेर टाकल्या. "बघा, कुणी न शिकवता तिने पाय कुठे नेले. खुब्याचा सांधा या वयात हाडाचा कमी आणि कूर्चेचा जास्त असतो. वाटी उथळ असते. पाय ओढून सरळ बांधले की मांडीच्या हाडाचा गोळा वाटीच्या काठाकडे सरकतो. रोज तासन्‌तास तेच केलं तर वाटी नीट घडतच नाही. मूल चालायला लागलं की लंगडतं, तेव्हा कळतं. मुलींमध्ये जास्त, पहिल्या बाळात जास्त, पायाळू बाळात तर आणखी जास्त. आणि फेंगडेपणाचं म्हणाल तर तो पोटातल्या बसणीमुळे असतो, वाढता वाढता जातो."

आजी गप्प. पण हरल्यासारख्या गप्प नव्हत्या, मुद्दा शोधत होत्या.

"आमच्यात कुणाचं असं झालं नाही."

"नसेल झालं. कारण तुम्ही दिवसभर मूल कडेवर घेता. कडेवर बसलं की मांड्या आपोआप फाकतात, सांध्याला तेच हवं असतं. तुमच्या दुपट्यातली चूक तुमच्या कडेने भरून काढली. आता या मुली कडेवर कमी घेतात, गाडीत जास्त ठेवतात."

हे आजींना फारच पटलं. नातीला तितकंसं पटलं नाही. मग सिस्टरांनी खरी गंमत सांगितली. जपानमध्येही बाळाचे पाय सरळ करून लंगोट-दुपट्यात घट्ट बांधायची पद्धत होती. तिथे शंभरातल्या एक ते तीन बाळांचे खुबे निखळलेले सापडायचे. १९७५ साली तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी देशभर मोहीम काढली, पाय सरळ बांधू नका म्हणून. आणि सांगितलं कुणाला? मुख्यतः आज्यांना! कारण बाळ गुंडाळणारे हात आजीचे. पुढे ते प्रमाण हजारात दोनच्याही खाली आलं.

"आज्यांनी ऐकलं?" आजींनी विचारलं.

"ऐकलं ना."

"त्यांना नीट विचारून सांगितलं असेल," आजी म्हणाल्या, आणि नातीकडे न बघता दुपटं झटकलं. "दाखवा तुमची पद्धत."

आता ही पद्धत मी तुम्हाला सांगून ठेवते, कुणाच्या घरी उपयोगी पडेल. चौकोनी सुती दुपटं तिरकं पसरायचं, वरचं टोक आत दुमडायचं. बाळाला उताणं ठेवायचं, खांदे त्या दुमडीच्या रेषेवर, म्हणजे कापड हनुवटीच्या वर येत नाही. एक बाजू छातीवरून पलीकडे नेऊन अंगाखाली खोचायची, मग दुसरी. हात बाजूला सरळ ठेवा, नाहीतर छातीवर दुमडून ठेवा. मग मापाची गोष्ट येते. बाळाची छाती आणि कापड यांच्यामध्ये आपली दोन बोटं सहज जायला हवीत. गेली नाहीत तर श्वास घेताना छाती फुगत नाही. चार बोटं गेली तर कापड सुटून तोंडावर येतं. कमरेखाली मात्र कापड ऐसपैस. खालचं टोक वर आणून नुसतं अडकवायचं, आत पाय दुमडता आले पाहिजेत, फाकवता आले पाहिजेत. वर नेटकं, खाली ढगळ.

आजींनी एका प्रयत्नात जमवलं. सिस्टरांनी दोन बोटं घालून पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्या हाताखालच्या मुलींना आठवडा लागायचा." आजींनी ओठ मुडपले, पण खूश झाल्या हे मला दिसलं.

"आता दोन नियम. एक, गुंडाळलेलं बाळ कायम उताणं. कुशीवर नाही, पालथं तर नाहीच. दोन, बाळ कूस बदलायची खटपट करायला लागलं की दुपटं बंद. पालथं पडेपर्यंत थांबायचं नाही, नुसती खटपट दिसली की बंद."

"तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडतात की पालथी," वहिनी म्हणाल्या.

"काही दुसऱ्यातच वळवळायला लागतात. पालथं झालं आणि हात आत बांधलेले असले, तर ते तोंड वर कसं काढणार? हाताचा रेटा नाही, मान अजून पक्की नाही." मग नातीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या फोनमध्ये असेल बघ. २०१६ साली 'पीडियाट्रिक्स'मध्ये आधीच्या चार अभ्यासांची एकत्र छाननी आली होती. गुंडाळलेल्या बाळांना झोपेत अचानक दगावण्याचा धोका सगळ्यात जास्त पालथ्या झोपेत, मग कुशीवरच्या. आणि वय वाढेल तसा जास्त. म्हणून म्हणते, दुपट्यालाही मुदत असते."

नातीने फोन काढला. आजींना या खेपेला ऐकू येत होतं.

मग नातीची पाळी आली. तिने आत्याकडून ऐकलेली हॉलंडची गोष्ट सांगितली. मला वाटायचं, त्या लोकांना आधीपासूनच सगळं ठाऊक असतं. कसलं काय! १९७० नंतर तिकडे डॉक्टरच सांगायला लागले, बाळांना पालथं झोपवा, गुळणी घशात अडकत नाही. आयांनी ऐकलं. त्यानंतर पाळण्यात निजवलेली, बरी असलेली बाळं सकाळी उठत नाहीत, अशा घटना वाढल्या. १९८७ साली दे योंगे नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी जाहीर सांगितलं, पालथं झोपवणं थांबवा. आकडा झपाट्याने उतरला. ब्रिटनने तशी मोहीम १९९१मध्ये काढली, अमेरिकेने १९९४मध्ये. तिथेही आकडा निम्म्यावर आला. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बाळ उलटं होतं ते उताणं केलं. मग हॉलंडमधल्या अभ्यासकांनी पांघरुणांकडे पाहिलं. बाळाच्या डोक्यावर सरकलेली जाड रजई घातक, आणि सुती झोपपिशवी घातलेली बाळं त्या मानाने सुरक्षित, असं दिसलं. पिशवी लाथा मारून निघत नाही, वर सरकून तोंडावर येत नाही. शिवाय ती घालून पालथं वळणंही जरा जड जातं. फिनलंडमध्ये तर सरकार बाळंतिणीला खोकंभर कपडे देतं, १९३८पासूनची पद्धत आहे. त्या खोक्यातही झोपपिशवी असते.

"पण उताणं झोपवलं आणि गुळणी आली तर?" आजींनी विचारलं. "घशात जाईल ना? त्या तिकडच्या डॉक्टरांचं काय खोटं होतं?"

खरं सांगू, हा प्रश्न माझ्याही मनात होता.

सिस्टरांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून दाखवलं. "उताणं झोपलं की श्वासाची नळी वरच्या बाजूला असते, अन्नाची खाली. वर आलेलं दूध परत खालच्या नळीत उतरतं, श्वासाच्या नळीत जायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं झोपवलं की उलट होतं, श्वासाची नळी खाली येते. तेव्हा लोकांना वाटलं वेगळं, शरीराची रचना निघाली वेगळी."

"आणि डोकं? सारखं उताणं झोपून डोकं चपटं होईल. त्यासाठी तर मोहरीची उशी केलीय मी."

मोहरीच्या उशीचं नाव निघालं आणि मला वाटलं आता परत पेटणार. कारण ती उशी आजींनी स्वतः भरलीय, मोहरी निवडून. पण सिस्टर अनुभवी. म्हणाल्या, "डोकं गोल करायचंय ना? मग दिवसा जागी असताना तिला पालथी घाला, तुमच्या डोळ्यांसमोर, सतरंजीवर. मान धरायला शिकते, खांदे भरतात, डोक्याच्या मागचा भार जातो. झोपवताना एक दिवस डोकं खिडकीकडे, एक दिवस दाराकडे. पण उशी नको. कुठलीच नको, मोहरीची नाही आणि कापसाची नाही. उशीवर मान पुढे झुकते, हनुवटी छातीला लागते, आणि त्या इवल्याशा नळीला तेवढं दुमडणं पुरतं. म्हणूनच साडीच्या झोळीत रात्रभर ठेवायचं नाही. घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बस. खेळणी, लोड, तक्के सगळं बाहेर."

"मोकळं मोकळं दिसेल," वहिनी म्हणाल्या.

"दिसू दे. पाळणा बारशाला सजवा."

मग विषय निघाला थंडीचा. आता नाशिकची डिसेंबरातली थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडचा पारा किती उतरला हे पेपरात रोज पहिल्या पानावर असतं आणि ते वाचूनच निम्मी थंडी वाजते. आजींनी छकुलीला झबलं, त्यावर स्वेटर, टोपरं, मोजे, दुपटं, वर गोधडी असं घालून ठेवलेलं. खोलीत कोळशाची शेगडी, दारं-खिडक्या बंद. सिस्टरांनी छकुलीच्या मानेमागे हात घातला आणि बाहेर काढून आजींना दाखवला. ओला.

"हात गार लागतात तिचे," आजी म्हणाल्या.

"हात-पाय गार असतातच या वयात. थंडी बघायची ती छातीवर नाहीतर मानेमागे. घाम आला म्हणजे जास्त झालं. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून एक जास्त, एवढं बाळाला पुरे. बाळ अंगातली उष्णता डोक्यातून सोडतं, म्हणून जन्मल्याबरोबर आम्ही टोपरं घालतो. पण घरी, झोपेत, डोकं उघडं. टोपरं डोळ्यांवर नाहीतर नाकावर सरकलं तर कळायचं नाही. आणि ती शेगडी आज बाहेर काढा. बंद खोलीत कोळशाचा वायू वास न येता चढतो. बाळालाही आणि बाळंतिणीलाही."

शेगडी वहिनींनी स्वतः उचलून मागच्या अंगणात ठेवली. सासू समोर असताना असं त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं, असं मला उगीच वाटलं.

नात म्हणाली, पिशवीवर ऊब किती ते आकड्यात लिहिलेलं असतं. त्या मापाला टॉग म्हणतात, मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९४०च्या दशकात ते ठरवलं. अर्धा टॉग म्हणजे नुसतं कापड, उन्हाळ्याला. एक टॉग मधल्या दिवसांना. अडीच टॉग गार खोलीला, म्हणजे खोलीत सोळा ते वीस अंश असतील तर. आत्याने पाठवलेली अडीचची. "म्हणजे मार्चमध्ये ही पिशवी पेटीत," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडे एप्रिलात अडीच टॉग घालणं म्हणजे बाळाला भाजणंच."

"आणि मी अजून एक बघितली ऑनलाइन," नात म्हणाली. "आत वजन भरलेली. आईचा हात छातीवर असल्यासारखं वाटतं म्हणे, बाळ रात्रभर झोपतं."

सिस्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ती नको. छातीवर वजन कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली स्पष्ट लिहिलंय, वजन भरलेलं दुपटं, पिशवी, पांघरूण, बाळाच्या अंगावर काहीच नको. आणि एक लक्षात ठेव, रात्रभर न उठणारं बाळ ही जाहिरातीतली हौस आहे. दोन महिन्यांचं बाळ उठायलाच हवं. उठतं म्हणजे त्याची घंटी वाजते. घट्ट बांधलेलं बाळ गाढ झोपतं, सहज उठत नाही, हीच त्यातली भीती. शिवाय भूक लागली की बाळ आधी हात तोंडाकडे नेतं, रडतं नंतर. हात बांधलेले असले तर तुला कळणार कसं? पहिल्या दिवसांत तर अंगावर पाजायला घेताना दुपटं सोडायचंच."

आजी म्हणाल्या, "मावशींनी बांधलं की तीन तास उठत नाही." आणि हे म्हणताना त्यांचा सूर बदलला होता. आधी त्यात कौतुक असायचं.

"रात्री निजते कुठे?" सिस्टरांनी विचारलं.

यावर तिघीही एकदम बोलल्या. आजी म्हणाल्या आईच्या कुशीत, नात म्हणाली पाळण्यात, वहिनी म्हणाल्या, "खरं सांगायचं तर कधी कुठे, कधी कुठे."

सिस्टरांनी मधला मार्ग काढला. बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, निदान सहा महिने. पण त्याची गादी वेगळी, आईचं पांघरूण वेगळं. पाजता पाजता आईचा डोळा लागतोच, तशी रात्र असली तर बाळ गुंडाळलेलं नको. आईची गोधडी, आईची उशी आणि आत हात बांधलेलं बाळ, असं एकत्र कधीच यायला नको. आणि घरात विडी-सिगारेट असेल तर त्या माणसाने बाळाशेजारी झोपायचंच नाही. हे वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं, कारण वहिनींचे यजमान तेव्हा गॅलरीत उभे होते आणि हातात काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

एवढं झाल्यावर आजींनी शेवटचा बाण काढला. "पण ही पिशवी आपली नाही. विलायती खूळ आहे."

"कोण म्हणतं?" सिस्टर खुर्ची ओढून बसल्याच. "गडचिरोलीला डॉक्टर अभय आणि राणी बंगांनी 'सर्च' संस्थेतर्फे १९९५पासून खेड्यातल्या बायका शिकवून तयार केल्या. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. ३९ गावं. दवाखाना लांब, बाळ कमी वजनाचं, झोपडीत गारठा. त्या बायका घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या. आणि गार पडलेल्या बाळासाठी त्यांच्या सामानात काय असायचं? बाळाला घालायची उबदार झोपपिशवी. तान्ह्या बाळांचे मृत्यू त्या गावांत निम्म्याहून कमी झाले, १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापलं. पुढे २०११पासून सरकारने तीच पद्धत देशभर घेतली. आता आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात ना, ते त्यातूनच आलं."

"म्हणजे गडचिरोलीतही पिशवी," आजी म्हणाल्या.

"तिथे ऊब टिकावी म्हणून, हॉलंडमध्ये रजई तोंडावर येऊ नये म्हणून. पिशवी एकच, कामं दोन."

आजी बराच वेळ पिशवी चाचपत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू शिवशील का गं? हे विलायती कापड घाम शोषत नाही. माझी एक नऊवारी आहे, चांगली मुरलेली."

मी काय, शिवणयंत्र घेऊन बसलेलीच आहे. सिस्टरांनी मापं सांगितली ती मी पदराच्या टोकाला गाठ मारावी तशी डोक्यात ठेवली. गळा असा की एक बोट जाईल, पण डोकं आत घसरणार नाही. काखोट्या नेटक्या, म्हणजे बाळ आत सरकत नाही. बाह्या नाहीत, हात मोकळे. खाली घेर मोठा, पाय फाकवून दुमडता येतील एवढा. चेन खालून उघडणारी, रात्री लंगोट बदलताना सगळं बाळ उघडं पडत नाही. चेनीच्या वरच्या टोकाला कापडी झाकण, हनुवटीला टोचू नये म्हणून. बंद नाहीत, नाड्या नाहीत, बटणं नाहीत, मणी नाहीत, आणि डोक्याला टोपी जोडायची नाही.

"जरीची किनार?" आजींनी विचारलं.

"बाहेरून लावा, बाळाला टोचणार नाही अशी. सुटून तोंडात जाणार नाही अशी पक्की."

"आणि माझी कुंची?"

"कुंची दिवसा. मांडीवर घेऊन देवळात जाताना, पाहुण्यांसमोर, फोटोला. खुशाल घाला. झोपली की काढा."

हा तोडगा आजींना मानवला. मिरवायला कुंची, झोपायला पिशवी. नातीनेही लगेच कबूल केलं की कूस वळायला लागेपर्यंत आजीचं दुपटं चालेल, फक्त खाली ढगळ. म्हणजे अबोला संपला म्हणायचा. वहिनींनी चहा टाकला, तोही आल्याचा.

आता खरी अडचण होती मालिशवाल्या मावशींची. त्या आमच्या कॉलनीत पाच घरी जातात. पाचही घरची बाळं त्या एकाच पद्धतीने आवळतात, आणि त्यांना सांगणार कोण? डॉक्टरने सांगितलं तर म्हणतात, तुम्ही किती बाळं न्हाऊ घातली? सिस्टर म्हणाल्या, मी बोलते. आजी म्हणाल्या, तुम्ही राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीपाशी होते. पाणी संपलं होतं, पण होते. मावशींनी धुरी उरकली, दुपटं अंथरलं आणि छकुलीचे पाय ओढायला घेतले. आजी काठी टेकत आल्या आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"पाय सोड. खुबा निखळतो. जपानात सगळ्या आज्यांनी बंद केलंय."

"जपानात?"

"आणि छातीपाशी दोन बोटं. घाल बघू." मावशींची बोटं जाईनात. "सोड, परत बांध. आणि त्या चौथ्या बंगल्यातल्या पोराला तर बांधूच नकोस, तो आता कूस वळतो म्हणे. त्याच्या आजीला म्हणावं, काही विचारायचं असलं तर माझ्याकडे ये. पिशवी इथे शिवून मिळते."

हे शेवटचं वाक्य मात्र त्यांनी मला न विचारताच टाकलं. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी, मऊ नऊवारी पडून असेल तर कळवा. चेन मी रविवार कारंज्यावरून डझनाच्या भावाने आणणार आहे.